बासष्टीत चाकावर बसलोय. सात आठवडे झाले, माती मधोमध येत नाही

निवृत्त_रोखपाल | ७ जानेवारी, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो. लिहायची वेळ आली नव्हती, ती आता आली.

सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली २१ रोखपालाच्या काउंटरवर. दोन वर्षांपूर्वी सुटलो. पेपर, मंडई, लायब्ररी, परत पेपर असं चाललं होतं. दिवाळीनंतर सूनबाईंनी परस्पर एका पॉटरी स्टुडिओत नाव घातलं. कारण एवढंच दिलं की, "बाबा, तुम्ही दिवसातून अकरा वेळा फ्रिज उघडता."

शनिवार-रविवार दोन-दोन तास. बॅचमध्ये आठ जण, त्यातले सात पंचविशी-तिशीतले. पहिल्या दिवशी त्यातल्या एका मुलीने मलाच विचारलं, "सर, फी कुठे भरायची?"

अडचण अशी की माती मळून गोळा चाकावर आपटतो, हात ओले करून धरतो, आणि गोळा मला धक्के मारत राहतो. शिकवणारी मुलगी येते, दोन हात लावते, दहा सेकंदांत गोळा असा स्थिर की चाक फिरतंय का थांबलंय कळू नये. ती पाठ फिरवते, मी हात लावतो, परत डुगडुग. त्यातूनच वाटी ओढतो. मग एक बाजू जाड, दुसरी पापडासारखी, काठ तिरका.

काउंटरवर कॅश टॅली झाल्याशिवाय मी एकदाही घरी गेलो नाही. एकदा सात रुपयांसाठी रात्री पावणेदहापर्यंत बसलो होतो. इथे सात आठवड्यांत काही म्हणजे काही टॅली झालेलं नाही, आणि तरी शुक्रवारी रात्रीपासून मला शनिवारचे वेध लागतात. बायकोला हे विचित्र वाटतं. मलाही.

प्रश्न दोन. एक, हे या वयात जमतं का, की चाकाचा नाद सोडून नुसत्या हाताने वळायच्या वस्तूंकडे जावं? दोन, घरी १९ वाट्या जमल्यात. ६ भाजलेल्या, १३ कच्च्या. सगळ्या बाल्कनीत मांडून ठेवल्यात. त्यांचं काय करू? नातू त्यांना "आजोबांचे दात" म्हणतो.

चहाबाज

१९ वाट्या म्हणजे पंगतीला आता फक्त ताटं कमी आहेत. तिरक्या काठाचा फायदा असा की आमटी कायम एकाच बाजूने सांडते, अंदाज राहतो. दिवे घ्या, काका.

हिरवा_चाफा

माती म्हणजे ध्यान. हातात घेतली की मन शांत होतं. जमतं की नाही याचा विचारच करू नका.

वळणदार

रोखपाल काका, मी बावन्नाव्या वर्षी सुरू केलं, आता त्रेसष्ट. नाशिकला घरामागे पत्र्याची शेड आहे, त्यात चाक. माझी माती पहिल्यांदा मधोमध यायला पाच महिने लागले, तेव्हा सात आठवडे हा तक्रारीचा विषय होऊ शकत नाही.

मनगट विसरा, जोर मनगटाचा नसतोच. डावं कोपर मांडीत नाहीतर कमरेच्या हाडाशी रुतवून बसा आणि हात भिंतीसारखा ठेवा. तुमच्या वर्णनावरून वाटतं, तुम्ही मातीच्या मागे पळताय. ती धक्का मारते, तुम्ही हात मागे घेता, ती आणखी चेकाळते. हात जागचा हलला नाही तर मातीलाच सरळ व्हावं लागतं. उजव्या तळव्याची कड वरून दाबून धरा. मग गोळा शंकूसारखा वर चढवायचा, परत खाली बसवायचा, असं दोन-तीनदा. आणि शेवटी हात झटक्याने काढू नका. पुष्कळांची आलेली माती हात काढतानाच बिघडते आणि मग ते म्हणतात, आलीच नव्हती.

आणखी एक. तिथली माती पुरीच्या कणकेसारखी घट्ट देतात का? पोळीच्या कणकेसारखी मऊ मागून घ्या आणि गोळा अर्ध्या किलोच्या वर घेऊ नका. पोरांच्या बॅचमध्ये बसल्यावर आपण उगाच पोरांएवढा गोळा घेतो. मीही घ्यायचे.

वाट्यांचं सांगते. यापुढे प्रत्येक वाटी चाकावरून उतरवायच्या आधी तारेने उभी चिरायची आणि आतली भिंत बघायची. तळाशी दोन बोटं माती आणि वर कागद, असं दिसेल. जीव तुटतो, पण दुसरा शिक्षक नाही. मी पहिलं वर्षभर एकही भांडं भाजलं नाही.

डॉ_गुडघे

मी फिजिओथेरपिस्ट. चाकावर बसणारे तीन पेशंट आहेत, तिघेही साठीपुढचे, तिघांचंही गाऱ्हाणं एकच: अंगठ्याच्या बुडाशी कळ.

तो सांधा झिजायला याच वयात लागतो आणि चिमटीने भिंत ओढताना सगळा भार त्याच्यावर येतो. शक्यतो बोटांची पेरं वापरा. बादलीत पाणी कोमट घ्या, जानेवारीत तर नक्कीच. स्टुलाची उंची चाकाच्या थाळीएवढी हवी; खाली वाकून बसलात तर कंबर बोलणार. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावलं चाला. मातीची दहा किलोची पिशवी जमिनीवरून एकट्याने उचलायची नाही, त्या पंचविशीतल्या पोरांना सांगा.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वाळलेली माती कोरडी झाडायची नाही. त्यात सिलिकाची बारीक धूळ असते आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा. बाल्कनीतसुद्धा.

सडेतोड

स्पष्ट लिहितो, राग आला तरी चालेल. पॉटरी हे सध्याचं फॅड आहे. दर महिन्याला चार-पाच हजार फी भरायची आणि घरी आणायच्या तिरक्या वाट्या. तेवढ्या पैशांत कुंभारवाड्यातून घराला जन्मभर पुरतील एवढी भांडी येतात. हिशेब येतो ना तुम्हाला? मग सोसायटीचे हिशेब बघा. निवृत्त माणसाने उपयोगाचं काही करावं.

चहाबाज

सोसायटीचे हिशेब बघणं हा छंद नाही, प्रायश्चित्त आहे.

निवृत्त_रोखपाल

@सडेतोड, सोसायटीचे हिशेब मीच बघतो. त्यातून उठून जायला काही हवं होतं.

@वळणदार ताई, कोपराचं आजच करून बघतो. चिरण्याचं मात्र... बघू.

अर्धा_कप

भाजलेल्या ६ वाट्यांत लोणचं ठेवलं तर चालेल का? आमच्या आत्याने कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेल्या बरणीत कैरीचं घातलं होतं, आठ दिवसांत आतला हिरवा रंग उतरला.

वळणदार

नका ठेवू. काकांच्या वाट्या बहुतेक एकदाच भाजलेल्या असतील, हजार अंशांच्या आसपास. म्हणजे वीट. पाणी शोषणार, तेल शोषणार, बुरशी धरणार. त्यावर काच चढवून, म्हणजे ग्लेझ लावून, दुसऱ्यांदा भाजलं की मग भांडं होतं. स्टोनवेअरची माती असेल तर दुसरी भाजणी बाराशेच्या वर जाते.

आत्याच्या बरणीचा हिरवा रंग बहुधा तांब्याचा असणार. ग्लेझ नीट बसलं नसेल तर आंबटाने धातू सुटतो. जुन्या स्वस्त ग्लेझमध्ये शिसंही असायचं. घरच्या घरी बघायचं तर लिंबाची फोड रात्रभर आत ठेवा. सकाळी तिथला रंग बदललेला दिसला तर त्या भांड्यात पेनं ठेवायची. डाग पडला नाही म्हणून शिसं नाही असं मात्र होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच.

न्यू_जर्सीची_मावशी

इथे आमच्या टाउनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये स्टुडिओ आहे, सीनिअर लोकांना फी कमी. मी ६६. मंगळवारच्या सकाळच्या बॅचला सगळे पांढऱ्या केसांचे, त्यामुळे रोखपालांसारखी "सर, फी कुठे भरायची"ची वेळ आली नाही. उलट इथे कुणाला पाठ दुखते, कुणाचं हिप बदललंय, यावरच निम्मा वेळ जातो.

मागच्या संक्रांतीला मला सुचलं की सुगडं आपणच करावीत. इथे कुठे मिळणार? पाच सुगडं, पाच झाकण्या. सुगडं आधी केली, झाकण्या पुढच्या आठवड्यात, मापं घेऊन, अगदी फिट. पण तोवर सुगडं वाळून आकसली होती आणि मी माप त्या आकसलेल्यांचं घेतलं! आमची माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत १२ टक्के लहान होते. भट्टीतून निघाल्यावर झाकण्या सुगडात पडल्या, थेट तळाशी. हळदीकुंकवाला आलेल्या एका तेलुगू मैत्रिणीने विचारलं, आतली छोटी प्लेट कशासाठी असते? मी म्हटलं, परंपरा आहे.

आणि वयाचं म्हणाल तर बीट्रिस वूड वाचा. १८९३चा जन्म, चाळिशीत पहिल्यांदा मातीच्या क्लासला गेली. का, तर हॉलंडमध्ये घेतलेल्या चकाकत्या प्लेटांना साजेशी चहाची किटली हवी होती, ती मिळेना, म्हणून स्वतः करायला. १०५ वर्षांची होऊन १९९८ मध्ये गेली, शंभरीनंतरही काम करत होती. भारतात येऊन गेल्यापासून साड्याच नेसायची.

सडेतोड

किटलीसाठी ६५ वर्षं. बाजारातून दुसरी किटली घेतली असती तर?

न्यू_जर्सीची_मावशी

तर तुम्हाला आज काय बोलायचं सुचलं नसतं.

मुलुंडची_भट्टी

माझा गुन्हा कबूल करतो, म्हणजे रोखपालांना बरं वाटेल.

५८व्या वर्षी, तिसऱ्या महिन्यात मी एक गणपती केला. वीतभर, भरीव. पोट चांगलं दोन इंच जाड. आठ दिवस वाळवला, वरून खडखडीत. स्टुडिओतल्या सामायिक भट्टीत गेला. रात्री फोन आला. आतल्या ओलाव्याची १०० अंशांना वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही, गणपती फुटला आणि जाताना वरच्या फळीवरच्या दोन बायकांचे सहा मग घेऊन गेला. चार महिने दर शनिवारी मी वडापाव नेत होतो.

तेव्हापासून जाड काही करायचं तर आतून पोकळ, खालून भोक. आणि भट्टीआधी वस्तू गालाला लावून बघायची. गार लागली तर आत ओल आहे, अजून थांबा.

दुसरी घाई भट्टी उघडायची. गार होताना ५७३ अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्‌झचे कण रूप बदलतात आणि एकदम आकसतात. त्या वेळी गार वारा लागला की वस्तू चरचरत तडकते. आमच्याकडे एकाने डोकावायला दार फटभर उघडलं होतं, आवाज ऐकला आणि बंद केलं. उशीर झाला होता.

अवांतर: शाडूचा गणपती भाजून टिकाऊ करू का, असं दर भाद्रपदात कुणीतरी विचारतं. करू नका. तो विसर्जनासाठीच असतो.

पाटी_पेन्सिल

तडकलेल्याला सोनं लावून जोडायची ती जपानी पद्धत आता कुणीतरी काढणार. त्याआधीच मी इथून जाते.

चहाबाज

आणि चाकाचं ते गाणंही कुणी टाकू नका, सगळ्यांना पाठ आहे.

तेरकर

चाकाचा विषय निघाला आणि गोरोबाकाका आले नाहीत असं कसं? आमचं गाव तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. काकांची समाधी इथेच. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नादात स्वतःचं मूल पायाखाली आलं ती कथा सगळ्यांना माहीत असते, पण मला आवडते ती दुसरी. संतमंडळी जमलेली. कोपऱ्यात थापटणं पडलेलं. मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? गोरोबा म्हणतात, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची डोकी तपासा, ती म्हणते. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प. नामदेवांची पाळी येते आणि ते चिडतात. निकाल: हे मडकं कच्चं. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले.

रोखपाल, तुम्ही चिडला नाहीत, म्हणजे निम्मे भाजले गेलात.

अवांतर: तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत व्यापार चालायचा. गावात लामतुरे संग्रहालय आहे, मातीच्या प्राचीन मूर्ती बघायला तरी या.

खापरवेडा

तेरकरांनी विषय काढलाच आहे तर. मी पुरातत्त्वातला नाही, नुसता हौशी. इनामगावची खापरं पहिल्यांदा बघितली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. जोर्वे संस्कृतीची भांडी, तीन हजार वर्षांहून जुनी. तांबूस, त्यावर काळ्या रेषा, काहींना लांब तोटी. चाकावर केलेली, छान भाजलेली, टिचकी मारली तर खणखणतात. इनामगावात लहान मूल गेलं तर दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरत.

पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. खापर उलटं केलं की आतल्या बाजूला बोटांच्या गोल रेषा असतात, खालून वर चढत गेलेल्या. त्यावर मी माझं बोट ठेवून बघितलं. एका खापरावर रेष मध्येच अडखळलेली होती. त्या कुंभाराला बहुतेक कुणीतरी हाक मारली असावी.

मडकेवाल्याचा_नातू

सगळं वाचलं. मी कुंभार. म्हणजे जातीने. धंदा म्हणाल तर आयटीआय करून वायरमन. गाव कराडच्या बाजूला. आजा चाकावर होता, चुलता अजून आहे.

वर कुणी लिहिलंय, माती हातात घेतली की मन शांत होतं. आमच्या आजीनं वाचलं असतं तर हसून लोळली असती. तिचं मन शांत व्हायचं आवा उघडल्यावर, आणि तेही माल साबूत निघाला तर. आवा लावायचा म्हणजे खाली गोवऱ्या, त्यावर मडकी पालथी रचायची, मधल्या फटींत पालापाचोळा, वर पेंढा, वर खापरं, वर राखमातीचा लेप. संध्याकाळी पेटवला की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात पेटलेल्या आव्यावर वळीव कोसळला. आजी आणि आई पत्रे धरून उभ्या. आतून टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज. एकेक टक्‌ म्हणजे एकेक माठ. दोन महिन्यांची कमाई. आजी रडली नाही, मोजत होती. त्रेचाळीसपर्यंत मोजले, मग म्हणाली, चला घरात.

आमच्यात बाई चाकावर बसायची नाही. माती चाळणं, तुडवणं, थापटणं, गेरू देणं, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणं सगळं तिचं. चाक तेवढं आज्याचं, आणि नाव पण आज्याचं. वळणदार ताईंचं वाचून तेवढं बरं वाटलं.

आजही संक्रांतीला बाया सुगडाच्या जोडीला घासाघीस करतात. तेच हात स्टुडिओतला वाकडा मग आठशेला घेतात आणि वाकडा आहे म्हणून जास्त कौतुक करतात. आमचं वाकडं निघालं तर ते कुंडीच्या तळाला फोडून टाकायचं. शाळेत पोरं आम्हाला गाढवावरून चिडवायची. राग नाही कुणावर. पण "छंद" हा शब्द ऐकला की मला ते त्रेचाळीस आठवतात.

सडेतोड

हेच मी म्हणत होतो.

मडकेवाल्याचा_नातू

नाही साहेब, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता कुंभाराकडं स्वस्त मिळतं.

पाटी_पेन्सिल

(जाणार होते, राहिले.) नातू, हे वेगळा धागा काढून लिहा. मोठं लिहा.

संपादक_मंडळ

धागा भरकटतो आहे पण छान भरकटतो आहे. व्यक्तिगत टिप्पण्या टाळाव्यात ही विनंती.

निवृत्त_रोखपाल | १३ जानेवारी

नातू, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. काउंटरवर असताना तुमच्या आजीसारख्या बाया यायच्या. बाजार उठला की चुरगळलेल्या दहा-दहाच्या नोटा रुमालात बांधून. मातीच्या नोटा असायच्या, मोजताना बोटं लाल व्हायची. मला राग यायचा, हे खरं सांगतो.

मी छंदच करतोय, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. माझा माल फुटला तर माझं काहीच अडत नाही, हा फरक मला कळतो. पण काम कसं चालतं ते बघायला तुमच्या चुलत्यांकडे आलो तर चालेल का? नको असेल तर तसं सांगा.

मडकेवाल्याचा_नातू

विचारलं. चुलता म्हणतो बघायला नको, तुडवायला या. आणि येताना घोड्याची लीद मिळाली तर आणा. मातीत कालवली की वाळताना माती तडकत नाही. आव्यात ती जळून जाते, बारीक भोकं राहतात, माठातनं पाणी पाझरतं, उडतं, म्हणून आतलं गार राहतं. पहिलं गावात टांगे होते. आता घोडं बघायला वरातीला जावं लागतं.

चहाबाज

काका, मग वरातीचा घोडेवाला गाठा. मुहूर्त बघून जा, माल ताजा मिळेल.

वळणदार

वाट्यांचं राहिलंच! कच्च्या १३ परत माती होतील. पूर्ण खडखडीत वाळू द्या, अर्धवट ओल्या टाकू नका. ओलसर माती पाण्यात तशीच गोळा होऊन बसते, वाळलेली मात्र फसफसत विरते. बघायला मजा येते, नातवाला दाखवा. चिखल जुन्या चादरीवर पसरून सुकवा आणि परत मळा. भाजलेल्या ६ मात्र गेल्या. एकदा भट्टीत गेलेली माती पुन्हा कधी माती होत नाही. कुंडीच्या तळाला फोडून टाका, नातूंनी सांगितलंय तसं.

डॉ_गुडघे

तुडवायला जाणार असाल तर गुडघ्याचा पट्टा घालून. आणि आधी दहा मिनिटं चालून घ्या.

निवृत्त_रोखपाल | ४ मार्च, सकाळी ७:१५

धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

माती मधोमध आली ९ फेब्रुवारीला. कोपर मांडीत रुतवून महिनाभर काही झालं नाही. त्या दिवशी बँकेतला जुना सहकारी घरी आला होता, नोटा मोजायच्या यंत्राआधीच्या गप्पा निघाल्या. मी नुसतीच हवेत गड्डी धरून दाखवली आणि माझ्याच लक्षात आलं की माझं डावं कोपर टेबलात रुतलंय. २१ वर्षं तसंच रुतलेलं होतं, उजवा अंगठा ओल्या स्पंजवर जायचा आणि डोळे गिऱ्हाइकाकडे असायचे. नोटांकडे कोण बघतं? दुपारी चाकावर तसाच बसलो. गोळ्याकडे बघितलंच नाही, समोरच्या भिंतीवरच्या फीच्या पाटीकडे बघत राहिलो. डुगडुग थांबली. मग हात काढताना घालवली, ताई, तुम्ही म्हणाला होता तसंच. पण तिसऱ्यांदा राहिली.

गावाला १६ तारखेला गेलो. लीद मिळाली. घोडेवाल्याने आधी तीनदा विचारलं की नक्की हीच पाहिजे का, आणि मग दोन गोणी फुकट दिली. भाच्याची गाडी होती, तो अजून बोलत नाही.

तुडवणं दीड तास. पायाच्या बोटांत खडा लागला की थांबायचं, काढायचा, पुढे. चुलते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, तेवढ्या वेळात त्यांनी दोनदा चहा घेतला आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग थापटणं हातात दिलं. आतून दगड धरायचा, बाहेरून थापटायचं, दोन्ही समोरासमोर. पहिल्या मडक्याला मी भोक पाडलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला मोठं. चौथ्या वेळी त्यांनी थापटणं काढून घेतलं आणि चुलती बसली. मान वर न करता सगळं मडकं फिरवत नेलं तिने. तिला चाकावर बसायचं कधी वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "वेळ कुठं हुता?"

जेवताना चुलत्यांनी पूर्ण दिवसातला एकच प्रश्न विचारला: पेन्शन किती? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग तुम्हीबी धंद्यालाच लागा."

जाताना मी चाकावर ओढलेली एक वाटी तिथेच वाळवायला ठेवली होती. नातूंनी पुढच्या आव्यात घातली आणि परवा पुण्याला पाठवली. एका बाजूला धुराचा काळा डाग आहे. काठ सरळ आहे.

तर शिल्लक अशी. कच्च्या १३ पाण्यात गेल्या. नातवाने फसफस बघितली आणि आता तो प्लास्टिकचा डायनासोरही बादलीत टाकतोय. भाजलेल्या ६ कुंड्यांच्या तळाला. बादलीत माती साडेपाच किलो, वजन करून लिहिलंय. वाटी १. काल पाणी भरून ठेवली, सकाळी खाली ओलं होतं.

चहाबाज

गळते म्हणजे माठ झाला, काका. बढती.

न्यू_जर्सीची_मावशी

फोटो टाका ना!

सडेतोड

वाटी विकायची असेल तर कळवा. घासाघीस करणार नाही.

मडकेवाल्याचा_नातू

काका, चुलती विचारतीय, पाडव्याच्या आधी येताय का. माठांचा मोठा आवा लावायचाय, तुडवायला माणूस नाही. आणि तेवढी लीद.